परसातले आंब्याचे झाड शेंड्याकडून वाळते आहे

प्रश्न : आमच्या परसात १८ वर्षांचे केशर आंब्याचे कलम आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही अगदी खोडापर्यंत फरशी बसवून घेतली. तेव्हापासून पानांच्या कडा करपतात आणि शेंडे वाळतात. दोनदा युरिया दिला, बुंध्याशी रोज बोअरचे पाणी सोडतो, तरीही फरक नाही. झाड वाचेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : वाळत चाललेल्या फांद्यांची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवा ओलसर थर दिसला, तर झाडात अजून जीव आहे. आपण कळवलेल्या लक्षणांवरून ते उपाशी नसून गुदमरले आहे, असे माझे मत आहे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी फारशी नसतात. ती फांद्यांच्या घेराखाली, बहुतांशी वरच्या दोन फुटांच्या थरात पसरलेली असतात आणि नेमका तोच थर आपण झाकला आहे. त्यातच आपली काळी माती सतत ओली राहिली की फुगून मुळांची हवा बंद करते, म्हणून रोजचे पाणी इथे घातकच ठरते.

सर्वप्रथम शक्य तितक्या घेरातील फरशी हलक्या हाताने काढा. खाली खणू नका, कारण उरलेली मुळे हीच झाडाची पुंजी आहे. खोडावर माती चढली असेल तर ती दूर करा. युरिया पूर्ण थांबवा. आजारी मुळांवर कोवळ्या पालवीचा भार टाकणे योग्य नाही. पाणी घेराच्या कडेला सावकाश द्या आणि चार बोटे खोल माती सुकल्यावरच पुन्हा द्या. बोअरच्या पाण्यातील क्षारांनीही पानांच्या कडा करपतात, तेव्हा पाणी आणि माती एकदा अवश्य तपासून घ्या. मोकळ्या जागेवर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट तीन-चार इंच पसरा, मात्र खोडापासून वीतभर अंतर ठेवा.

पूर्ण वाळलेल्या फांद्याच कापून कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. हिरवी फांदी तोडू नका. झाडाचे अन्न तिच्या पानांतच तयार होते. यंदा मोहर आला तर मन घट्ट करून तो खुडून टाका. कलमाच्या जोडाखाली फुटवे आले, तर तेही काढा, कारण ते केशरचे नसून ज्यावर कलम बांधले त्या खालच्या रोपाचे असतात. सुधारणा दिसायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. नव्या पालवीची पाने आकाराने मोठी येऊ लागली आणि त्यांच्या कडा हिरव्या राहिल्या, की मगच पावसाळ्याच्या आरंभी चांगले कुजलेले शेणखत घाला.