अंधाराला वैरण म्हणजे चारा का?

प्रश्न : आमच्या गावातल्या एका शिक्षकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आजीवर कविता लिहिली. माझी मुलगी नववीत आहे, तिला या कडव्याचं रसग्रहण करायचंय.

साण्यातलं ऊन येता आजी त्याला पाट मांडी
अंधाराला वैरण घाली, उजेडाचं पीठ सांडी
बहात्तरची खडी बोले तिच्या दोन्ही तळहाती
पदराच्या गाठीमधी लेकीची ती वाट होती

वैरण म्हणजे चारा, हे आम्हाला ठाऊक. मग अंधार म्हणजे जनावर का? आणि उन्हाला पाट कशासाठी? – एक वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, आधी दुसरी ओळ घेऊ, कारण कडव्याचा जीव तिथं आहे. वैरण म्हणजे चारा हे बरोबरच. पण जात्याच्या तोंडात एका वेळी दळायला जी मूठभर ज्वारी टाकतात, तीही वैरणच. पिठलं करताना आपण उकळत्या पाण्यात पीठ ‘वैरतो’, तोच हा शब्द. कवीला जात्याची वैरण म्हणायची आहे, याची साक्ष त्याच ओळीत पुढं आहे. चारा घालून पीठ पडत नाही. बाया पहाटेच्या आधी दळायला बसत. खुंट्याला हात, दिवा असला तर असला, नाहीतर नुसता अंधार. म्हणजे इथं अंधार हेच जातं. आजी त्याच्या तोंडात मुठीमागून मूठ टाकते आणि जात्याभोवती शाळूचं पांढरं पीठ पडत राहतं. दळण सरेपर्यंत बाहेर फटफटलेलं असे. उजेड आपोआप झाला नाही, आजीनं तो दळून काढला, एवढं मोठं बोलणं कवीनं एका ओळीत बसवलंय. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या बाया आणि गंगाखेडची जनाबाई यांच्या मराठवाड्यात ही ओळ सुचावी, याचा मला फार आनंद झाला. चाऱ्याचा अर्थ मात्र अगदी पुसू नका. कडबा आणि दाणा ज्वारीच्या एकाच ताटाचे, गोठ्यातली वैरणही बहुतेक आजीच घालत असणार. तो अर्थ मागं राहू द्या, पुढं जातं ठेवा.

आता पाट. पाट पाण्याचाही असतो, पण तो काढतात. जेवायला बसणाऱ्यासाठी ‘मांडतात’ तो लाकडी पाट. शब्द अडला की त्याचं क्रियापद बघायची सवय मुलीला लावा, निम्मे अर्थ तिथंच सुटतात. साणं म्हणजे माळवदाला, मातीच्या सपाट छताला, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. तुमच्या मुलीनं स्लॅबचंच घर पाहिलं असेल, तर एखादं जुनं माळवद तिला आतून दाखवा. आमच्या आजोळच्या घरात साण्यातून उन्हाचा एक तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. तो उतरंडीपाशी पोचला की आजी भाकरी बांधायला घ्यायची, घरात घड्याळ नव्हतं. असं रोज ठरल्या वेळी दारातून नाही, छतातून येणारं ऊन आजीला पाहुण्यासारखं वाटलं. पाहुणा आला की आपल्याकडं आधी पाट मांडतात.

बहात्तर म्हणजे १९७२चा दुष्काळ. त्या साली दुष्काळी कामांवर बायांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. खायला सुकडी, म्हणजे वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ, आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी. मार्गदर्शक पुस्तकांत ‘खडी हे कष्टाचे प्रतीक आहे’ असं छापलेलं असतं. मुलीला ते उतरवू देऊ नका, त्या वाक्यात आजी कुठंच नाही. खडी ‘बोले’ म्हणजे काय, ते विचारा. अशा आजीनं पाठीवरून हात फिरवला की खरखर लागते. तळव्याचे घट्टे अंगाला कळतात, कधी आवाजही येतो. आजी दुष्काळाबद्दल चकार शब्द काढत नसेल, तिचा हात सांगतो. कवीनं ‘दिसे’ न लिहिता ‘बोले’ लिहिलं, त्याला ही खरखर ठाऊक आहे.

राहिली गाठ. पदराच्या टोकाला आज्या सुपारी, चिल्लर, नात्यागोत्यात द्यायची नोट बांधून ठेवत. त्यात लेकीची वाट कशी मावेल? माझ्या मते गाठीत एसटीच्या भाड्याचे पैसे आहेत, पंचमीला लेकीला माहेरी आणायचे. म्हणून वाट म्हणजे रस्ता आणि तिची वाट पाहणंही. दुसरा अर्थ असा निघू शकतो, की लेक आता येणारच नाही आणि आजीनं नुसती आठवण गाठीला मारलीय. शेवटचं ‘होती’ त्या बाजूला ओढतं. मला पहिला अर्थ जास्त पटतो, कारण पहिल्या दोन्ही ओळींत आजी हातानं काहीतरी करतेच आहे आणि तिसरीत तिचे हातच बोलतात. मुलीनं दोन्ही लिहावेत आणि आपल्याला कोणता पटला, का पटला, ते सांगावं. कवी तुमच्याच गावचे आहेत. रसग्रहण लिहून झाल्यावर तिनं त्यांना जाऊन भेटावं, आधी नाही.