वेळ बघितलीत, पण वारा बघितलात का?

मागच्या अंकात शंभर मीटरच्या फायनलबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेसेजचा नुसता पाऊस. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे चार घेतलेत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : मी मालवणचा, वय एकोणसाठ, जन्म सगळा मासेमारीत गेला. मुंबईतल्या भाच्याबरोबर दर मोठ्या स्पर्धेला शंभर मीटरवर कोंबडी-वड्यांची पैज असते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मी जमैकाचा किशेन थॉम्पसन म्हटलं, जिंकला नोहा लाइल्स. २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला परत थॉम्पसनच म्हटलं, कारण त्या वर्षी त्याची ९.७५ होती, बाकी कोणाची तेवढी नव्हती. जिंकला ऑब्लिक सेव्हिल. भाचा आता शिमग्याला वसुलीला येणार, नि फोनवर म्हणतो, "मामा, तुका ह्यातला काय्येक कळना नाय." माझं चुकतं कुठे? नाव छापू नका, गावात आधीच पुरे झालंय.

उत्तर : मामा, आधी एक सांगतो, पॅरिसला तुमचं फारसं चुकलंच नव्हतं. दोघांची वेळ ९.७९ च लागली, हजारावा भाग काढला तेव्हा लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. म्हणजे पाच हजारांश सेकंद, त्या स्पीडला अंतरात काढलं तर जेमतेम तीन बोटं. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजत आलेला, मी जागा होतो, आणि बोर्डावर नाव यायच्या आधी मीपण थॉम्पसनच म्हणून ओरडलो होतो, घरातले उठले ते वेगळंच. तीन बोटांनी हरलात तर त्याला अंदाज चुकला म्हणत नाहीत. टोकियोचं मात्र थोडं बोलायला पाहिजे.

तुम्ही एकच आकडा धरून बसलात, वर्षातली सगळ्यात भारी वेळ. आता तुम्ही दर्यावर्दी माणूस, होडी किती वेळात पोचली हे कोणी सांगितलं तर तुम्ही पहिलं काय विचारता? वारा कुठला होता. इथेही तेच विचारायचं. शंभर मीटरच्या प्रत्येक वेळेपुढे एक छोटा आकडा असतो, अधिक किंवा उणे, तो वाऱ्याचा, मीटर प्रति सेकंद. अधिक म्हणजे पाठीवरचा वारा, उणे म्हणजे तोंडावरचा. अधिक २.० पर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की वेळ रेकॉर्डला धरत नाहीत. बार्बाडोसचा ओबाडेले थॉम्पसन (तुमचा थॉम्पसन नाही, हा वेगळा) १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एल पासोला ९.६९ धावला होता, पण पाठीवर ५.० चा वारा, म्हणून ती वेळ रेकॉर्डच्या यादीत नाही.

ढोबळ हिशेब असा, की पाठीवर २ मीटरचा वारा असेल तर साधारण एक दशांश सेकंद फुकट मिळतो, १ मीटरचा असेल तर त्याच्या निम्मा. तोंडावर असेल तर तेवढंच नुकसान, किंबहुना थोडं जास्तच. आता थॉम्पसनची ९.७५ घ्या, जमैकाच्या ट्रायल्समधली (म्हणजे देशाची टीम निवडायच्या स्पर्धेतली), वारा +०.८. वारा काढला तर ती ९.७९ च्या आसपास येते. सेव्हिल ऑगस्टमध्ये लुझानला ९.८७ धावला, पण पावसात आणि वारा −०.३, म्हणजे तोंडावर. वारा काढून ती ९.८५ च्या आसपास. म्हणजे कागदावर थॉम्पसन पुढेच, पण तुम्हाला दिसत होता तेवढा पुढे नाही, बारा शतांशांचा फरक निम्म्यावर आला. आणि पावसात, गारठ्यात तशी वेळ काढणारा माणूस कोरड्या ट्रॅकवर काय करेल ते बघायला पाहिजे होतं.

दुसरं, कोणाला हरवून ती वेळ काढली. सेव्हिलने जुलैमध्ये लंडनला लाइल्सला हरवलं, ९.८६ विरुद्ध १०.००, ऑगस्टमध्ये लुझानला परत हरवलं. ऑलिंपिक चॅम्पियनला पाच आठवड्यांत दोनदा मागे टाकणं हे एका फास्ट वेळेपेक्षा मोठं आहे असं माझं मत, कारण त्यात शेजारच्या लेनमध्ये मोठं नाव असतानाही पाय आखडत नाहीत हे कळतं. हीच त्याची जुनी दुखरी नस होती. पॅरिसच्या सेमीमध्ये त्याने लाइल्सला ९.८१ विरुद्ध ९.८३ असं मागे टाकलं, आणि तासा-दोन तासात फायनलला ९.९१ धावून आठवा, म्हणजे शेवटचा आला. तेच नाव टोकियोला ९.७७ मध्ये पहिलं. थॉम्पसन ९.८२, लाइल्स ९.८९.

तिसरं, आणि हे मला टोकियोनंतर बसून आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं. थॉम्पसनची २०२४ ची बेस्ट ९.७७, कधी? जूनमध्ये ट्रायल्सला. २०२५ ची बेस्ट ९.७५, कधी? परत जूनमध्ये ट्रायल्सला. दोन्ही वर्षी फायनलची वेळ त्याच्यापेक्षा कमी दर्जाची. त्याचा दोष नाही, जमैकात टीममध्ये जागा मिळवायचीच एवढी मारामारी असते की तिथेच जीव काढावा लागतो. पण देवगडवाल्याला विचारा, मोहोर बघून पेट्यांचा सौदा करणाऱ्याचं काय होतं. जूनची वेळ हा मोहोर. पेट्या सप्टेंबरात मोजायच्या.

अजून एक, टीव्हीवर कॉमेंट्रीवाले म्हणतात ना, "शेवटच्या वीस मीटरला त्याने वेग वाढवला", ते खरं नसतं. साठ-सत्तर मीटरच्या आसपास सगळ्यांचा टॉप स्पीड येऊन जातो, पुढे सगळेच मंदावतात, जो कमी मंदावतो तो पुढे गेल्यासारखा दिसतो. बोल्टसुद्धा बर्लिनला २००९ मध्ये ९.५८ धावला तेव्हा ६० ते ८० मीटरचा तुकडा १.६१ सेकंदात काढला, तो त्याचा सगळ्यात फास्ट तुकडा. लाइल्स पॅरिसला ३० मीटरला आठांत शेवटचा होता. म्हणून सेमी बघताना पहिल्या वीस मीटरला कोण पुढे ते बघून खूश होऊ नका, ऐंशीच्या पुढे कोणाचे खांदे वर चढतात, मान ताठ होते ते बघा. ज्याची होत नाही त्याला धरा.

आणि एवढं सगळं करूनसुद्धा उरतोच तो फॉल्स स्टार्ट, म्हणजे बंदुकीच्या आधीच सुटणं. २०१० पासून एक चूक की बाहेर, दुसरा चान्स नाही. २०११ ला दाएगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला खुद्द बोल्ट फायनलमध्ये तसा बाहेर गेला, सोनं योहान ब्लेकला, ९.९२ मध्ये. टोकियोला २०२५ च्या फायनलमध्येपण लेत्सिले तेबोगो असाच गेला. ह्याचा अंदाज रवळनाथाच्या देवळात कौल लावून येईल तर येईल, आकड्यांतून येणार नाही.

तर पैज बदला. आत्ता तुमची पैज कौलासारखी आहे, उजवा नाहीतर डावा. त्याऐवजी दोघांनी दहा-दहा काजूबिया घ्यायच्या आणि फायनलच्या आधी नावांवर वाटायच्या. टोकियोला मी असतो तर थॉम्पसनवर चार, सेव्हिलवर तीन, लाइल्सवर दोन आणि एक बी बाकीच्यांत. जिंकणाऱ्याच्या नावावर ज्याच्या बिया जास्त, त्याला तेवढे पॉइंट. एका रेसवर कोंबडी कापू नका, दहा रेसचे पॉइंट जमले की कापा. आणि वाटप आधी कागदावर लिहून फोटो पाठवायचा, नाहीतर रेस झाल्यावर भाचा म्हणणार मी सेव्हिलच म्हणत होतो, मला हे भाचे लोक माहीत आहेत.

प्रश्न : तुम्ही नेहमी पुरुषांच्याच रेसबद्दल लिहिता. बायकांची शंभर मीटर ओळखायला सोपी की अवघड? (कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : बोलणी खाल्ली, कबूल. वर्षावर अवलंबून आहे. २०२४ ला पॅरिसला बहुतेकांच्या तोंडात शकॅरी रिचर्डसनचं नाव, जिंकली ज्युलियन अल्फ्रेड, १०.७२, सेंट लुसियासारख्या चिमुकल्या बेटाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल. २०२५ ला मात्र मेलिसा जेफरसन-वुडन वर्षभर शंभर मीटरला हरलीच नाही आणि टोकियोला १०.६१ मध्ये जिंकली. तिच्यावर दहापैकी सात बिया ठेवल्या असत्या तरी चाललं असतं.

पण वाऱ्याची खरी गोष्ट बायकांच्याच रेकॉर्डमध्ये आहे. फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचं १०.४९, इंडियानापोलिस, १९८८. त्या रेसला वाऱ्याचा आकडा लागला ०.०, आणि त्याच वेळी त्याच मैदानात तिहेरी उडीजवळच्या वारा मोजायच्या मीटरवर ४.३. आता एकाच मैदानात एकीकडे पान हलत नाही आणि दुसरीकडे छत्री उलटी होईल असा वारा, हे आपल्या किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालापण पटणार नाही. रेकॉर्ड अजून तसंच उभं आहे. मी माझ्या वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

प्रश्न : रेसवर पैसे लावायचं एखादं चांगलं अॅप सांगा ना. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच झालाय, आणि नसता झाला तरी उत्तर हेच होतं. काजूबिया घ्या.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या मैदानावर शंभर मीटर ११.२ मध्ये धावला. सर म्हणतात नॅशनलला जाईल. भारताचं रेकॉर्ड किती आहे? आम्ही हर्णैजवळ राहतो, तो रोज पुळणीवर पळतो, ते चांगलं का? (एक आई, दापोली तालुका)

उत्तर : ताई, पोरगं पळतंय ह्याचाच आनंद आहे, त्यामुळे पुढचं वाचून त्याला लगेच सांगू नका. ओडिशाकडून धावणारा अनिमेष कुजूर जुलै २०२५ मध्ये ग्रीसला १०.१८ धावला, त्याने त्याच वर्षीचं गुरिंदरवीर सिंगचं १०.२० चं भारताचं रेकॉर्ड मोडलं. पण ती वेळ मशीनची आणि तुमची हातातल्या स्टॉपवॉचची, दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. हाताच्या वेळेत ०.२४ मिळवून मग बघायची अशी जुनी रीत आहे, म्हणजे झाले ११.४४.

आता सांगा, सरांनी शिट्टी वाजवून सोडलं आणि दुसरे सर शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभे होते ना? शिट्टीचा आवाज शंभर मीटर पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, तोवर पोरगं सुटलेलं असतं आणि घड्याळ बंदच. तेही धरा, वेळ ११.७ च्या पुढेमागे जाते. शिवाय दुपारी घेतली असेल तर समुद्रावरून खारा वारा, तो पाठीवर होता का? सकाळी मतलई असताना त्याच दिशेने पळवलंत तर वेगळीच वेळ येईल. आणि मैदान टेपने मोजलंय की पावलांनी? आमच्या वेळी आमचं शंभर मीटरचं मैदान ९३ निघालं होतं, आम्ही सगळे दोन वर्षं स्वतःला बोल्टचे काका समजत होतो.

तरी नववीला ११.७ ही वाईट वेळ मुळीच नाही. या वयात ज्याची उंची लवकर वाढते तो पुढे दिसतो, दोन वर्षांत बाकीचे गाठतात, त्यामुळे नॅशनलचं आत्ता कोणी छातीठोक सांगत असेल तर हसून सोडून द्या. मार्सेल जेकब्स आधी लांब उडी मारायचा, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ९.८० मध्ये शंभर मीटर जिंकला, त्याचं नाव आदल्या महिन्यात कितीजणांनी घेतलं होतं?

पुळणीवर आठवड्यातून एक-दोनदा ठीक, पोटऱ्या मजबूत होतात. पण रोज नको. फास्ट धावताना पाय जमिनीला एक दशांश सेकंदसुद्धा टेकत नाही, मऊ वाळूत तो रुतून जास्त वेळ राहतो आणि तीच सवय लागते. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची कडक ओली पट्टी असते तिथे पळू दे, मात्र तिला उतार असतो, म्हणून एकदा जाताना आणि एकदा येताना, एकाच बाजूने नको. खरी वेळ हवी असेल तर डेरवणला सिंथेटिक ट्रॅक आहे, एखाद्या स्पर्धेला घेऊन जा. तोवर शाळेत एवढंच करा, सुरुवात करणाऱ्या सरांना शिट्टीबरोबर हात झटकन खाली करायला सांगा आणि घड्याळवाल्यांनी तो हात बघूनच बटण दाबायचं. परत वेळ घेतलीत की कळवा, वारा कुठून होता तेही लिहा.