लाइट मारून भाजीवरचं औषध कळतं का? माझा अनुभव

ताई, सोसायटीच्या आठवडी बाजारासाठी वर्गणी काढून ते हातात धरायचं मशीन घ्यायचं का, असं विचारलंय तुम्ही. तेच ना, भाजीवर लाइट मारला की लाल नाहीतर हिरवं दाखवणारं? माझं विचाराल तर नका घेऊ.

मी निफाडकडचा, द्राक्षवाला, थोडी भाजीही असते. रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचा मालात उरलेला अंश, हा शब्द आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे, २०१० ला युरोपात द्राक्षं अडकली तेव्हापासून तर जास्तच (लिहोसीन निघालं होतं त्यात, म्हणजे क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ आवरायचं औषध). दोन वर्षांपूर्वी असंच एक मशीन गावात डेमोला आलं. मी मुद्दाम आदल्या दिवशी औषध मारलेली ढोबळी मिरची पुढे केली, हिरवं आलं. मग घरामागची, काहीच न मारलेली मिरची नळाखाली धरून तशीच ओली दिली, तर लाल! विकणारा म्हणे कॅलिब्रेशन करावं लागेल. आई ओट्यावर बसून बघत होती, ती म्हणाली, "याला पाण्याचं वावडं दिसतंय."

आणि खरंच तसंच आहे. त्या छोट्या मशीनमधला लाइट इन्फ्रारेड असतो, त्याला भाजीतलं पाणी, साखर असलं टक्क्यात मोजण्यासारखं दिसतं, द्राक्षाची गोडी बघायला झकास. पण औषध टक्क्यात नसतंच. ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, मर्यादा किलोला ०.०१ मिलीग्रॅम, म्हणजे दहा टनांचे दहा ट्रक भाजी आणि त्यात सगळं मिळून एक ग्रॅम औषध. ते नुसत्या सालीवर लाइट मारून कसं दिसणार सांगा.

लाइटवाले सगळेच फसवे आहेत असं नाही हां. रामन स्पेक्ट्रोस्कोपी, आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ ला शोधलेला इफेक्ट, त्यात प्रत्येक रेणूचा आपला ठसा मिळतो. पण सिग्नल फार बारीक, म्हणून चांदीचे नाहीतर सोन्याचे नॅनोकण लावून तो वाढवतात. थायरमसारखं गंधक असलेलं बुरशीनाशक चांदी-सोन्याला चिकटतं त्यामुळे छान सापडतं, सगळीच चिकटत नाहीत. पालेभाजीत हरितद्रव्य स्वतःच चमकतं आणि सिग्नल त्यात बुडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ ला हीच पद्धत वापरून सफरचंदं तपासली, खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध गेलं, आत मुरलेलं राहिलंच.

स्वस्तातलं कामाचं म्हणजे एंझाइमचं कार्ड. पांढऱ्या टिकलीवर भाजी धुतलेलं पाणी टाकायचं, दहा मिनिटं थांबून कार्ड दुमडायचं, लाल टिकली त्यावर तीन मिनिटं दाबून धरायची, निळं झालं तर ठीक, पांढरंच राहिलं तर औषध आहे. काही मशीन हाच रंग लाइटने मोजतात, ती त्यातल्या त्यात बरी. मात्र याला ३७ डिग्रीची ऊब लागते, डिसेंबरात आमच्याकडे कार्ड शर्टाच्या आत धरावं लागतं, नाहीतर स्वच्छ भाजीलाही पांढरंच राहतं. कांदापात, लसूण, मुळा, कोथिंबीर यांच्या रसानेही ते फसतं. शिवाय ते कीटकनाशकांचे फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे दोन गट पकडतं (मोनोक्रोटोफॉस त्यातलंच, भाजीवर बंदी आहे तरी). इमिडाक्लोप्रिडसारखी वेगळ्या गटातली कीटकनाशकं किंवा बुरशीनाशकं त्याला दिसतच नाहीत आणि आजकाल मारतात तीच जास्त. म्हणजे निळं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

तर विकणाऱ्याला एकच विचारा, नेमकी कोणती औषधं आणि किलोला किती मिलीग्रॅमपर्यंत, लेखी द्या. नाव न घेता "सगळी पेस्टिसाइड" म्हणाला की चहा पाजून पाठवा.

त्या पैशात महिन्याला एक-दोन नमुने एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला द्या, तिथे एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मोठं मशीन) एका फेरीत शेकडो औषधं बघतात. कुठल्या शेतकऱ्याचा नमुना जाणार हे आधी सांगू नका, चिठ्ठी टाका. आणि शेवटची फवारणी कधी, कशाची, ते वहीत लिहून घ्या, फवारणी ते तोडा किती दिवस गेले तेच अर्धं उत्तर असतं. नमुना दोनेक किलो, कोऱ्या पिशवीत, त्याच दिवशी पाठवायचा. आणि धुवायचा नाही बरं का, आमच्या एका भाच्याने मेथीच्या जुड्या स्वच्छ धुऊन, निवडून पाठवल्या होत्या.