अंतर्गत निधीचा अर्ज परत का येतो?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विश्वामित्री नदीच्या पाण्याच्या तपासणीसाठी विद्यापीठाच्या अंतर्गत संशोधन निधीतून ५०,००० रुपये मागितले. ‘खर्चाचा तपशील अपुरा’ असा शेरा मारून अर्ज परत आला. काय सुधारू?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : ‘रसायने व काचसामान : ३०,०००’ अशी एकच ओळ लिहिली असेल, तर शेरा योग्यच आहे. आकडा कामातून निघालेला दिसला पाहिजे. समजा, ६ ठिकाणे, ३ फेऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी २ नमुने, म्हणजे ३६ नमुने. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजण्यासाठी, प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या लागतात : एक लगेच तपासायची, दुसरी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवायची. फेरीला २४ बाटल्या झाल्या. त्याच धुऊन पुन्हा वापरता येतात, म्हणून ७२ मागू नका. ब्लँकसाठी, म्हणजे नमुन्याशिवायच्या तुलनेच्या चाचणीसाठी, चारेक जास्त धरा. पाणी फार घाण असेल तर पातळ करावे लागते, तेव्हा बाटल्या वाढतात, तेही लिहा. दरपत्रक जोडा आणि जीएसटी धरूनच रक्कम मांडा. अनेकांचे गणित इथेच चुकते.

दुसरी अडचण वेळेची. पावसाळ्यातले नमुने हवेत आणि पैसे डिसेंबरात आले, तर ती फेरी गेलीच. वेळापत्रक मंजुरीच्या महिन्यापासून मोजा, ३१ मार्चआधी बिले पोचवा. मंजुरीआधीच्या तारखेचे बिल सहसा नाकारतात. बिल तुमच्या नावावर नको. कोणाच्या नावे हवे ते हिशेब विभागाला आधीच विचारा.