पहिल्या तीन-चार पुस्तकांपुरतं सांगतो

मुलांना अपंग पात्रं असलेली पुस्तकं वाचायला द्यायची असतील, तर यादी पन्नास पुस्तकांची करू नका. चार घ्या, पण आधी स्वतः वाचा.

सुरुवात ‘तोत्तोचान’पासून करा, म्हणजे एका जपानी लेखिकेच्या शाळेतल्या आठवणी; तोत्तोचान हे तिचंच लहानपणीचं नाव. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान आपल्या झाडावर चढवते, तो भाग मोठ्याने वाचा. त्यात कीव नाही. शिडी आहे, घाम आहे, दोघांची धडपड आहे. वर पोचल्यावर तोच तिला टेलिव्हिजन नावाच्या नवलाची गोष्ट सांगतो! मात्र पुढे त्याचा मृत्यू येतो, तेव्हा मुलांच्या प्रश्नांची तयारी ठेवा. आठवी-नववीच्या मुलांना नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र द्या. जिचं जगणं, तिच्याच शब्दांत.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:
- शेवटी पाय बरा होतो किंवा मेडल मिळतं, अशाच गोष्टी निवडतात. साधं, भांडकुदळ, खोडकर पात्रही हवं.
- असं पुस्तक फक्त अपंग मुलाच्या हातात देतात. (मीही दिलं होतं. त्याने न उघडताच परत केलं.)
- वाचून झाल्यावर ‘काय शिकलात?’ विचारतात. नका विचारू.

ब्रेल, ऑडिओ वगैरे नंतर बघू. आधी हे वाचून होऊ द्या.