माळ्यावरचा फूड प्रोसेसर आणि इतर प्रश्न

प्रश्न : ओटा जेमतेम सात फुटांचा. त्यावर आणि माळ्यावर मिळून फूड प्रोसेसर, ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), सँडविच टोस्टर, रोटीमेकर आणि टेबलावरचा वेट ग्राइंडर. मिक्सर आणि कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह रोज लागतातच. ‘सहा महिन्यांत वापरलं नाही ते काढून टाका’ हा नियम लावू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लावू नका. तो लावला तर पहिल्यांदा मोदकपात्र, पुरणयंत्र आणि सोऱ्या घराबाहेर जातील आणि सँडविच टोस्टर मात्र दोनदा वापरला म्हणून राहील. किती वेळा वापरलं यापेक्षा दोन गोष्टी बघा : हे काम घरातलं दुसरं काही करतं का, आणि वापरल्यावर धुवायचे सुटे भाग किती निघतात.

रोटीमेकर निःशंक काढा. त्याला नेहमीपेक्षा सैल आणि नीट मुरलेली कणीक लागते. कणीक घट्ट असेल तर पोळीला कडेने चिरा जातात, आणि लाटी पिठात घोळवली तर ते पीठ प्लेटवर करपतं. घडीची पोळी त्यात होत नाही, भाकरीचं तर नावच नको. सँडविच टोस्टरच्या प्लेटा सुट्या निघत नसतील तर खाचांत चीज जळून बसतं आणि यंत्र पाण्याखाली धरता येत नाही. तव्यावर वजन ठेवून सँडविच तितकंच चांगलं होतं. मुलांच्या डब्यात आठवड्यातून दोनदा जात असेल तरच ठेवा.

वेट ग्राइंडरचा निर्णय वजनावर करा. दगडांसकट तो दहा किलोच्या आसपास किंवा वरच भरतो. तो माळ्यावर गेला की पुन्हा खाली येत नाही. आठवड्याला चार-पाच माणसांचं इडली-डोशाचं पीठ लागत असेल तर त्याला ओट्यावर कायमची जागा द्या, नाहीतर देऊन टाका. महिन्यातून एकदाच्या इडलीला मिक्सर पुरतो. डाळ-तांदूळ गार पाण्यात, थोडे थोडे, मध्ये थांबत वाटा. सलग फिरवलं की पीठ तापतं आणि मोटरही.

फूड प्रोसेसर वापरला जात नाही याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं : भांडं माळ्यावर, चकत्या ड्रॉवरमध्ये आणि दांडा कुठे ते कुणालाच माहीत नाही. सगळे भाग एका डब्यात घालून महिनाभर ओट्यावर ठेवून बघा. तरीही कोबी विळीवरच चिरला जात असेल तर उत्तर मिळालं.

गरम हवेवर भाजणारा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असताना ओटीजी दुबार आहे. ठेवणारच असाल तर प्लग बघा : १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणून त्याला सहाचा नव्हे, सोळाचा सॉकेट हवा. सहाच्या सॉकेटवर तास-तास चालवला की सॉकेट तापून काळा पडतो.

ज्याबद्दल मन होत नाही ते खोक्यात घाला आणि गणपतीपासून होळीपर्यंत थांबा. आपले बहुतेक सगळे मोठे सण तेवढ्यात येऊन जातात. खोकं उघडलंच नाही तर सरळ बाहेर. ठेवायची यंत्रं माळ्यावर टाकण्याआधी भांडी पूर्ण वाळवा आणि झाकणं न लावता ठेवा, नाहीतर कुबट वास धरतो. तळाच्या जाळीत झुरळं शिरतात, म्हणून मोटरचा भाग कापडी पिशवीत बांधून ठेवा.

प्रश्न : सासूबाईंची पितळी पातेली आणि डबे आहेत. भंगारात देववत नाही, वापरायला जमत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रोजच्या मापाची दोन पातेली कल्हई करून ठेवा. बाकीची ‘भंगार’ म्हणून नव्हे, ‘मोड’ म्हणून, म्हणजे जुन्या धातूच्या भावाने, भांड्यांच्या दुकानात तोला. दोन-तीन ठिकाणी भाव आणि घट (वजनातून कापली जाणारी तूट) दोन्ही विचारा. आधी लोहचुंबक लावा : चिकटलं तर आत लोखंड आहे, पितळेचा नुसता मुलामा. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी, ताक, चिंच-आमसुलाचं काही ठेवू नका, कळकतं. कल्हई केलेलं पातेलं मोकळं गॅसवर ठेवू नका. कल्हई कथिलाची असते; कथील २३२ अंशांना वितळतं आणि रिकाम्या भांड्यात ते तापमान पटकन गाठलं जातं.

प्रश्न : बंद पडलेला मिक्सर आणि जुना मायक्रोवेव्ह भंगारवाल्याला देऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मिक्सर आधी तपासा. अजिबात चालू होत नसेल तर प्लग काढून, गार झाल्यावर तळाचं लाल बटण दाबा. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, म्हणजे कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी चकती) झिजला. भांड्याखालून पाणी गळतं, म्हणजे बुश किंवा सील गेलं. ही किरकोळ दुरुस्ती आहे. करपट वास आणि धूर आला असेल तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलेलं असू शकतं. जुन्या मिक्सरला तो खर्च सहसा परवडत नाही.

मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. दोन्ही वस्तू ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत उपकरणांची यादी २१ प्रकारांवरून १०६ वर गेली, आणि जुना माल अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून आधी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करा, नाहीतर पालिकेच्या ई-कचरा केंद्रात द्या. भंगारात गेलं की तांबं काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर विषारी असतो.

चालू यंत्र कुणाला द्यायचं तर भांडी, झाकणं आणि रिंगांसकट, एकदा चालवून दाखवून द्या. रिंग कडक झालेला कुकर किंवा खरवडलेला नॉनस्टिक तवा कामवाल्या मावशींना देणं म्हणजे आपली अडचण त्यांच्या घरी पाठवणं. कुकर नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घालून द्या, तवा धातूच्या भंगारात टाका.

प्रश्न : श्रीखंडाचे डबे किती ठेवावेत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्यांचं झाकण घट्ट बसतं तेवढेच, फार तर सहा. त्यांत गरम आमटी किंवा लोणचं भरू नका. बाकीचे धुऊन सुक्या कचऱ्यात.