कायदा आणि आपण : गेट बंद, पत्र नाही, पगारही नाही

प्रश्न : मी भोसरीतील एका लहान कारखान्यात सात वर्षे सीएनसी मशीनवर काम करीत होतो. एकूण पगार दरमहा 18,500 रुपये. एप्रिल ते जून 2024 असा तीन महिन्यांचा पगार थकलेला असताना 12 जुलै रोजी पहिल्या पाळीला गेलो, तेव्हा वॉचमनने "तुमचं कार्ड बंद केलंय, आत सोडू नका असं सांगितलंय" म्हणून मला गेटवरूनच परत पाठवले. लेखी काहीही दिलेले नाही. आता ऑफिसातून फोन येतात की राजीनाम्यावर सही केली, तर थकीत पगाराचा चेक मिळेल. ओळखपत्रावर माझे पद 'सीनियर ऑपरेटर' असे आहे. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर (सप्टेंबर 2024) : राजीनाम्यावर सही करू नये. केलेल्या कामाचा पगार हा तुमचा हक्क आहे. त्याच्या बदल्यात राजीनामा मागण्याचा अधिकार मालकाला नाही. एकदा सही झाली की ती दबावाखाली झाली, हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते, आणि ते उचलणे फार जड जाते.

लेखी आदेश दिला नाही, हा विसरभोळेपणा नव्हे. अशा प्रकरणांत मालकाचा नेहमीचा बचाव असतो की आम्ही कोणालाही काढले नाही, कामगार स्वतःच यायचा बंद झाला. म्हणून आजच्या आज एक साधे पत्र पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावे : अमुक दिवशी, अमुक वाजता मला गेटवर अडवण्यात आले, मी कामावर येण्यास तयार होतो व आजही आहे, आणि एप्रिलपासूनचे वेतन मिळालेले नाही. वकिली भाषेची गरज नाही. कारखान्याने पाकीट घेण्यास नकार दिला, तर पोस्टाच्या शेऱ्यासह परत आलेले ते पाकीट न फोडता जपून ठेवावे. न्यायालयात त्याचा उपयोग होतो.

कामावरून काढण्याबाबत तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत, पण त्यांपैकी एकच निवडता येतो. पहिला मार्ग 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा, ज्याला सगळे 'यूएलपी'ची (अनुचित कामगार प्रथांची) केस म्हणतात. त्यात कामगार न्यायालयात थेट तक्रार करता येते व अंतरिम आदेशही मागता येतो, मात्र मुदत 90 दिवसांची, म्हणजे तुमच्या बाबतीत 10 ऑक्टोबरपर्यंत आहे. दुसरा मार्ग 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमाचा (हा अधिनियम व त्यातील मुदती नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होत्या) : कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज करायचा, 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार न्यायालयात जायचे, यासाठी काढल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. निवड करण्यापूर्वी पीएफच्या पासबुकात आस्थापना म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. तेथे ठेकेदाराचे नाव असेल आणि कारखाना तुम्हाला आपला कामगार मानत नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या सिप्ला निकालामुळे यूएलपीचा मार्ग अडतो आणि हातचा वेळ वाया जातो.

'सीनियर' या शब्दाने घाबरू नये. पदाचे नाव काय आहे यापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काय करीत होता, हे न्यायालय पाहते, आणि मशीन चालवणारा माणूस कामगारच ठरतो. काढण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन काढतेवेळीच द्यावे लागते. गैरवर्तनाचा ठपका असेल तर आरोपपत्र देऊन चौकशी करावी लागते. तुमच्या बाबतीत यांतले काहीच झालेले दिसत नाही. मात्र 240 दिवस आधी तुम्हालाच दाखवावे लागतात. बँकेचे पासबुक, ईएसआयचे कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, पाळ्यांचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज असे जे असेल ते गोळा करावे आणि हजेरीपट मालकाने हजर करावा, असा अर्ज न्यायालयात द्यावा.

पगाराचा दावा निराळा आहे. तुमचे वेतन 24,000 रुपयांच्या मर्यादेत असल्याने 1936 चा वेतन प्रदान अधिनियम (हा व त्यातील मर्यादा, मुदतीही नोव्हेंबर 2025 पर्यंतच लागू होत्या) तुम्हाला लागू होतो. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि थकबाकीचा अर्ज देय तारखेपासून बारा महिन्यांत करावा लागतो. एप्रिलच्या पगाराची मुदत म्हणून मे 2025 च्या पहिल्या आठवड्यातच संपते. नोकरीची केस निकाली निघेपर्यंत यासाठी थांबू नये.

काढल्यापासून निकालापर्यंतच्या पगाराबाबत एक खबरदारी घ्यावी. सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास मागील वेतनासह पुनर्नियुक्ती हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दीपाली सुरवसे प्रकरणात सांगितले; परंतु या काळात आपल्याला दुसरी नोकरी नव्हती किंवा कमी पगारावर काम करावे लागले, हे कामगाराने तक्रारीत नमूद करावे लागते. पोटासाठी मध्ये कोठे काम केले असेल तर ते लपवू नये.

आणि राजीनाम्याशिवाय चेक देऊ केला, तर तो अवश्य घ्यावा. फक्त पावतीवर 'फुल अँड फायनल' असे छापलेले नाही ना ते वाचावे, आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे : 'एप्रिल ते जूनच्या वेतनापोटी, इतर सर्व हक्क राखून स्वीकारले.' त्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नये.